जुन्या पिकअपच्या पाट्यांचे बुश बदलताना

रिकामी पिकअप गतिरोधकावरून गेली की मागून ठणका येतो, आणि तीच गाडी टोमॅटोचे क्रेट भरून नारायणगावच्या मार्केटातून वाशीला निघाली की गप्प बसते. मालक म्हणतो, ‘हौदा वाजतोय.’ हौदा वाजतही असेल, पण आवाज लोड पडल्यावर बंद होत असेल तर आधी पाट्यांचे बुश बघा, म्हणजे मागच्या कमानपाट्यांच्या टोकांत बसणारे, बहुतेकदा रबरी, तुकडे. वजनाखाली बुशातली ढिलाई एका बाजूला दाबून राहते म्हणून आवाज थांबतो. झीज काही थांबत नाही, उलट भरल्या गाडीतच ती जास्त होते.

बोलेरो पिकअप असो, टाटा 207 असो की आणखी कुठली जुनी गाडी, मागची मांडणी साधारण सारखीच असते. पाट्याचं पुढचं टोक, म्हणजे मेन पाट्याचा (गठ्ठ्यातल्या सगळ्यात लांब पाट्याचा) गोल वळवलेला पुढचा डोळा, चॅसिसच्या ब्रॅकेटमध्ये पक्का बसतो. मागचं टोक शॅकलला, म्हणजे झुलणाऱ्या कडीला, लटकतं, कारण पाटा दबला की लांब होतो आणि त्याला सरकायला जागा लागते. पुढच्या डोळ्यात एक बुश आणि शॅकलला दोन, म्हणजे खालीवर एकेक. असे एका बाजूला तीन आणि दोन्ही बाजूंचे मिळून सहा. हा लेख या सहा बुशांबद्दल आहे. पुढच्या आर्मच्या बुशांचं काम वेगळ्या जातीचं आहे, त्याबद्दल शेवटी थोडं सांगतो.

रबर फिरत नाही, पिळतं

ही एक गोष्ट समजली की बाकीचं काम आपोआप सरळ होतं. रबरी बुशात आत लोखंडी नळी असते, बाहेर बहुतेकदा दुसरी नळी, आणि मधे दोन्हींना चिकटवलेलं रबर. बोल्ट कसला की ब्रॅकेटचे दोन्ही कान आतल्या नळीला दोन्हीकडून आवळतात आणि ती नळी जागेवर घट्ट होते. बाहेरची नळी पाट्याच्या डोळ्यात घट्ट. पाटा वरखाली होतो तेव्हा यातलं काहीच घसरत नाही, मधलं रबर पिळतं आणि परत मूळ जागी येतं.

म्हणून अशा बुशाला ग्रीस लागत नाही. ग्रीस, डिझेल, जळकं ऑइल यांनी नैसर्गिक रबर फुगतं आणि मऊ पडतं. आपल्याकडे धुलाई झाल्यावर गाडीखाली डिझेल-ऑइलचा फवारा मारायची पद्धत आहे. चॅसिसला गंज लागू नये म्हणून मारतात, पण तो फवारा बुशांवरही बसतो. धुणाऱ्याला सांगा, पाट्यांच्या टोकांकडे मारू नकोस. ऐकेलच असं नाही.

काही गाड्यांत रबराऐवजी धातूचे बुश आणि पिन असतात. पिनच्या टोकाला ग्रीस निपल दिसलं की समजावं हा दुसरा प्रकार आहे. त्याला ग्रीस हवंच, आणि ताजं ग्रीस कडेने बाहेर येईपर्यंत गन मारायची. निपल नसेल तर गन बाजूला ठेवा.

खात्री करून घ्या

आवाज मागून येतो म्हणून थेट बुश आणायला धावू नका. क्लच सोडताना एकदाच ‘टक’ होत असेल तर प्रॉपेलर शाफ्टचा (मागच्या चाकांना फिरवणाऱ्या लांब दांड्याचा) क्रॉस संशयित आहे. बारीक खड्ड्यांवर सतत टकटक होत असेल तर शॉकअपचे रबर हलवून बघा. पाट्यांना हाउसिंगला, म्हणजे मागच्या ॲक्सलला, आवळून धरणारे यू-बोल्ट ढिले असतील तर पाटे आणि हाउसिंग यांच्यामधे घासल्याची चकाकी किंवा तांबूस भुकटी दिसते. तिथे बुश बदलून काही होणार नाही.

बुश तपासायला गाडी सपाट जागेवर रिकामी उभी करा. टॉर्च घेऊन प्रत्येक डोळ्याकडे दोन्ही बाजूंनी बघा. आतली नळी डोळ्याच्या मधोमध असायला हवी. ती वर किंवा एका बाजूला सरकलेली दिसली, रबर कडेने बाहेर ओघळलं असेल किंवा त्याला भेगा पडून तुकडे सुटत असतील, तर प्रश्न मिटला. शंका असेल तर डोळा आणि ब्रॅकेट यांच्या फटीत पहार घालून हलकेच उचला. चांगला बुश जरासा दबतो आणि परत येतो. गेलेला बुश खटकन हलतो. पहार चालवताना दुसऱ्याची बोटं शॅकलजवळ नकोत.

आणखी एक खूण चालवताना कळते. पुढच्या डोळ्यातला बुश गेला की त्या बाजूचं हाउसिंग मागेपुढे सरकायला मोकळं होतं. रेस दिली की गाडी एका बाजूला ओढते, रेस सोडली की दुसऱ्या बाजूला, आणि ड्रायव्हर स्टेअरिंगला दोष देत राहतो. घाटात भरल्या गाडीला हे अंगावर येतं, म्हणून पुढच्या डोळ्याच्या बाबतीत चालढकल करू नका. शॅकलचा बुश आठवडाभर थांबला तर फक्त आवाज सहन करावा लागेल.

सामान

जुना बुश दुकानात नमुना म्हणून न्यायचा तर आधी गाडी उघडावी लागते, मग गाडी ठोकळ्यांवर आणि तुम्ही एसटी स्टँडवर. त्यापेक्षा मॉडेल, वर्ष आणि चॅसिस नंबर घेऊन आधीच आणा, आणि आणलेल्या बुशाची व्हर्नियरने तीन मापं घ्या: आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि आतल्या नळीची लांबी. या तिसऱ्या मापाकडे कुणी बघत नाही. नळी डोळ्याच्या दोन्ही बाजूंना थोडी बाहेर आलीच पाहिजे. ती आखूड असेल तर बोल्ट कसल्यावर ब्रॅकेटचे कान नळीला आवळण्याऐवजी रबरावर किंवा पाट्याच्या डोळ्यावर घासतात. स्वस्त बुशांत हा दोष हमखास सापडतो.

रबर घ्यायचं की पॉलियुरेथेन? भाड्याच्या गाडीला माझं मत रबरालाच. पॉलियुरेथेन कडक असतं, जास्त टिकतं, तेलाला दाद देत नाही. पण ते नळीभोवती फिरतं, त्यामुळे बसवताना सिलिकॉन ग्रीस लागतं, आणि चिखलापाण्यात ते धुऊन गेलं की गाडी चुंचुं करत गावभर फिरते. शिवाय खड्ड्याचा दणका रबर जितका गिळतं तितका ते गिळत नाही.

सहाही बुश एकदम बदला. एका बाजूचे नवे आणि दुसऱ्या बाजूचे जुने ठेवले तर हाउसिंग दोन बाजूंना वेगवेगळं हलतं. बोल्ट-नट नवे घ्या आणि काढल्यास यू-बोल्टही नवेच. एकदा ताणून कसलेला यू-बोल्ट पुन्हा तसा धरत नाही.

हत्यारांत गोटी पाने (सॉकेट), लांब दांडा, टॉर्क पाना (ठरावीक जोराने कसणारा), दोन जॅक, दोन भक्कम स्टँड, घण, पहार, हॅकसॉ, छिन्नी आणि मजबूत व्हाइस. व्हाइस नसेल तर जाड आटेदार रॉड, नट, जाड वॉशर आणि पाइपचे तुकडे घेऊन ओढून बसवायचा प्रेस घरीच तयार होतो. जवळ लेथवाला किंवा कमानपाट्याचं दुकान असेल तर उघडलेला पाटा घेऊन त्याच्या हायड्रॉलिक प्रेसवर बुश बसवून आणणं सगळ्यात शहाणपणाचं.

गाडी उचलण्याआधी

आदल्या संध्याकाळी सगळे बोल्ट वायर ब्रशने घासा आणि गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. सकाळी पुन्हा मारा. जुने बुश फेकायचेच आहेत, त्यामुळे आता तेलाची भीती नाही.

जागा सिमेंटची किंवा फरशीची हवी. मातीवर स्टँड रुततो. हौदा पूर्ण रिकामा करा, स्टेपनी खाली लटकलेली असेल तर तीही काढा.

आता नीट ऐका. मागची चाकं चालवणाऱ्या पिकअपमध्ये हँडब्रेक मागच्या चाकांना आणि गिअरही मागच्या चाकांना. मागची बाजू उचलली की दोन्हींचा उपयोग संपला. गाडीला धरणारी फक्त पुढची चाकं उरतात, म्हणून त्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून असे चारही ठोकळे ठोकून बसवा. चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा, मग उचला.

स्टँड चॅसिसखाली लावा, पाट्याच्या पुढच्या ब्रॅकेटच्या थोडं पुढे. विटा, काँक्रीटचे ब्लॉक, स्टेपनीचा ढीग यांवर गाडी टेकवून खाली शिरू नका, वीट फुटताना आधी सांगत नाही. दुसरा जॅक हाउसिंगखाली, ज्या बाजूचं काम त्या बाजूला. हाच जॅक पुढे सगळी जादू करतो: त्याने हाउसिंग इंचाइंचाने वरखाली करता येतं, आणि पाट्यावरचा ताण शून्यावर आला की बोल्ट हाताने निघतो. बोल्ट अडकून बसलाय असं वाटलं की घण घेण्याआधी जॅक थोडा वर-खाली करून बघा.

हाउसिंग खाली सोडताना ब्रेकच्या रबरी पाइपवर नजर ठेवा. तो ताणला जाता कामा नये. काही गाड्यांत लोडप्रमाणे मागचा ब्रेक कमी-जास्त करणारा वॉल्व्ह असतो आणि त्याची दांडी हाउसिंगला जोडलेली असते. ती सोडवण्याआधी तिच्या जागेवर रंगाची खूण करा, कारण तिची लांबी बदलली तर मागचे ब्रेक बदलतात.

एका वेळी एकच बाजू. दुसरी बाजू जोडलेली राहिली की हाउसिंग जागा सोडत नाही.

काढणे

शॉकअप खालून सोडवा. यू-बोल्टचे नट काढा, खालची प्लेट उतरवा. मग शॅकलचे बोल्ट आणि शेवटी पुढच्या डोळ्याचा बोल्ट. पाट्यांचा गठ्ठा जड असतो, खाली सोडताना दोन माणसं हवीत. सेंटर बोल्ट उघडायचा नाही, तो गठ्ठ्याला एकत्र धरतो.

खरा त्रास पुढच्या डोळ्याच्या बोल्टला. वर्षानुवर्षं पाणी जाऊन बोल्ट आतल्या नळीला गंजाने एकजीव झालेला असतो. नट निघतो, बोल्टही फिरतो, पण बाहेर येत नाही, कारण त्याच्याबरोबर नळी फिरत असते आणि रबर पिळून परत येत असतं. अशा वेळी नट बोल्टच्या टोकाशी बरोबरीत येईपर्यंत परत लावा आणि त्यावर मारा, म्हणजे आटे दबत नाहीत. तेवढ्याने सुटला नाही तर मारत बसू नका. ब्रॅकेटचा कान आणि बुश यांच्यामधल्या फटीत हॅकसॉचं पातं घालून बोल्ट दोन्ही बाजूंना कापा. वेळ लागतो, पण ब्रॅकेट वाचतं.

गॅस कटरचा मोह इथेच होतो. बऱ्याच पिकअपमध्ये डिझेलची टाकी किंवा तिचे पाइप पुढच्या ब्रॅकेटपासून हातभर अंतरावर असतात, वायरिंगही तिथूनच जातं. दुसरं कारण पाट्याचं. पाटा स्प्रिंग स्टीलचा असतो आणि त्याला पाणी दिलेलं, म्हणजे तापवून-थंडावून कडक केलेलं, असतं. डोळा लाल होईपर्यंत तापला की ते पाणी उतरतं आणि पुढे लोडखाली डोळा उघडतो किंवा तडकतो. बुश जाळून काढणं हेही त्याच कारणाने टाळा. त्या धुराने डोळे आणि छाती जळते ते वेगळंच.

डोळ्यातून जुना बुश

व्हाइसमध्ये एका बाजूला बुशाच्या बाहेरच्या नळीपेक्षा किंचित लहान गोटी आणि दुसऱ्या बाजूला तिच्यापेक्षा मोठ्या तोंडाचा पाइप धरा आणि आवळा. बुश पाइपात सरकतो. रबर सडलेलं असेल तर आतली नळी एकटीच निघून येते आणि बाहेरची डोळ्यात राहते. मग रबर ड्रिलने पोखरून काढा, हॅकसॉचं पातं नळीच्या आतून घाला आणि नळीला लांबीत एक चीर पाडा. शेवटी हात हलका ठेवा. पातं नळी कापून पाट्यात उतरलं तर ती चीर पुढे तडा बनते. चीर पडल्यावर छिन्नीने कड आत वळवली की नळी सैल होऊन निघते.

रिकामा डोळा एमरी पेपरने घासून स्वच्छ करा आणि उजेडात निरखा. जिथे पाटा वळून डोळा बनतो तिथे केसाएवढी रेघ दिसते का? डोळ्याचं तोंड उघडलंय का? दिसलं तर नवा बुश त्यात वाया घालवू नका, मेन पाटा बदलायला द्या. ब्रॅकेटची भोकंही बघा. ढिल्या बोल्टवर गाडी बराच काळ चालली असेल तर भोक लंबगोल झालेलं असतं. त्यात नवा बोल्टही महिन्याभरात वाजू लागतो, म्हणून त्यावर योग्य मापाची जाड चकती वेल्डिंग करून घ्यावी लागते.

नवा बुश बसवणे

नवा बुश रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवला तर बाहेरची नळी किंचित आकसते आणि सुरुवात सोपी जाते. घरच्यांना आधी सांगून ठेवा. डोळ्याची कड कानशीने जराशी मोडा, डोळ्याला पातळ साबणाचं पाणी लावा.

दाब बाहेरच्या नळीवरच द्यायचा. आतल्या नळीवर किंवा रबरावर दाबलं तर बुश बसण्याआधीच रबराची चिकटण सुटते, आणि हे बाहेरून दिसत नाही. बुश सरळ जातोय का हे पहिल्या पाच मिलिमीटरमध्ये चारही बाजूंनी बघा. तिरका दिसला तर परत काढून सुरुवात करा, पुढे रेटून तो सरळ होत नाही. पूर्ण बसल्यावर आतली नळी दोन्हीकडे सारखी बाहेर आली पाहिजे.

शॅकलचे बुश बऱ्याच गाड्यांत दोन अर्ध्या तुकड्यांचे, कॉलरवाले असतात. ते साबणाच्या पाण्याने हाताने दाबून बसतात.

जोडणी आणि शेवटचं कसणं

पाटा उचलून आधी पुढचा डोळा ब्रॅकेटमध्ये घ्या, मग शॅकल, मग जॅकने हाउसिंग खाली-वर करून सेंटर बोल्टचं डोकं हाउसिंगच्या सीटमधल्या भोकात बरोबर बसवा. ते डोकं भोकात न बसता यू-बोल्ट आवळले तर हाउसिंग तिरकं बसतं. बोल्टच्या गुळगुळीत दांड्याला पातळ गंजरोधक पेस्ट लावा, पुढच्या वेळी काम करणारा दुवा देईल. आटे मात्र कोरडे ठेवा.

यू-बोल्ट आलटून-पालटून कसा, चारही नटांच्या बाहेर आटे सारखे दिसले पाहिजेत. डोळ्याचे आणि शॅकलचे बोल्ट आता फक्त हाताने लावा, पाना लावायचा नाही.

इथे बहुतेक लोक घाई करतात. गाडी स्टँडवर असताना पाटा लटकलेला असतो. त्या स्थितीत बोल्ट कसले तर आतली नळी त्या कोनात कुलूपबंद होते. गाडी चाकांवर आली की पाटा वर जातो आणि रबर कायमचं पिळलेलं राहतं. मग प्रत्येक खड्ड्यात ते आणखी पिळतं आणि काही महिन्यांत फाटतं. ‘नवे बुश टिकतच नाहीत’ ही तक्रार बरेचदा याच पान्यामुळे येते.

म्हणून दुसरी बाजूही तशीच करून घ्या, चाकं लावा, गाडी जमिनीवर उतरवा. हौद्याच्या कडेला धरून गाडी चांगली हलवा म्हणजे पाटे आपल्या जागी बसतील. मग गाडी चाकांवर उभी असतानाच डोळ्याचे आणि शॅकलचे बोल्ट टॉर्क पान्याने कसा. आकडा गाडीच्या मॅन्युअलमधला घ्या. मॅन्युअल हाती येईपर्यंत अंदाज हवा तर डोक्यावर 8.8 लिहिलेल्या कोरड्या बोल्टला साधारण कोष्टक असं: 12 मिलिमीटरला 80 न्यूटन मीटरच्या आसपास, 14 ला 130, 16 ला 200. यू-बोल्टचं मूल्य वेगळं असतं, ते कोष्टकावरून ठरवू नका.

कसून झालं की टेप घेऊन दोन्ही बाजूंना पुढच्या डोळ्याच्या बोल्टपासून हाउसिंगच्या त्याच ठिकाणापर्यंतचं अंतर मोजा. फरक ठळक असेल तर सेंटर बोल्ट कुठेतरी सीटमध्ये बसलेला नाही. ब्रेकची वॉल्व्ह-दांडी खुणेवर लावा, ब्रेकचा पाइप मोकळा आहे का बघा, चाकांचे नट पुन्हा कसा.

पुढच्या आर्मचे बुश

पुढे स्वतंत्र सस्पेंशन असेल तर आर्मच्या बुशांचं तत्त्व हेच: रबर पिळतं आणि बोल्ट चाकांवर कसायचे. पण तिथे दाबलेली कॉइल स्प्रिंग किंवा पिळलेला टॉर्शन बार असतो. त्यात साठलेला जोर सुटला तर हाड मोडतो. योग्य स्प्रिंग कॉम्प्रेसर आणि अनुभवी माणूस जवळ नसेल तर हे काम गॅरेजला द्या. टॉर्शन बारवाल्या गाडीत ॲडजस्टिंग बोल्टचे किती आटे बाहेर आहेत ते काढण्याआधी मोजून लिहून ठेवायला सांगा, नाहीतर गाडीची उंची डावी-उजवी वेगळी होते. काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट करून घ्यायचंच.

पहिला लोड

पहिले दोन-तीन दिवस अर्धा लोड न्या. साधारण 500 किलोमीटरनंतर, किंवा पहिल्या पूर्ण लोडनंतर लगेच, यू-बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा. पाटे-प्लेट नव्याने बसताना ते हमखास थोडे सैल होतात. तपासून झाल्यावर प्रत्येक नटावरून प्लेटपर्यंत आणि डोळ्याच्या बोल्टावरून ब्रॅकेटपर्यंत पांढऱ्या पेंटची एक सरळ रेघ ओढा. पुढे डिझेल भरताना वाकून एकदा बघितलं की रेघ तुटली आहे का ते कळतं, आणि तुटली असेल तर त्या दिवशीचं भाडं घेण्याआधी पाना काढा.